सिंगापूर दुसऱ्यांदा, या वेळी पायी

प्रश्न (दारव्हा, यवतमाळ): कापसाची वेचणी आटोपल्यावर आम्ही उभयता मुलाकडे पुन्हा सिंगापूरला जात आहोत. मागच्या खेपेस सहलीच्या बसने मर्लायन (सिंहाचे डोके व माशाचे धड असलेला पुतळा) दाखवून लगेच पुढे नेले. आता शहर पायी पाहायचे आहे, परंतु तिथली दमट हवा आमच्या कोरड्या उन्हापेक्षा जड जाते. कुठे, केव्हा चालावे?

उत्तर (अचलपूर): दुपार चायनाटाउनसाठी राखावी, कारण तिथल्या जुन्या दुकानांपुढे सुमारे पाच फुटांची छपराखालची वाट असते आणि ती १८२२ च्या नगररचनेपासून चालत आलेली असल्याने उन्हापावसातही फरशीवरची रंगीत नक्षी न्याहाळत निवांत फिरता येते. साउथ ब्रिज रोडवरचे मरिअम्मन मंदिर १८२७ चे आहे.

उत्तर (मूल, चंद्रपूर): सदर्न रिजेस हा सुमारे १० किलोमीटरचा टेकड्यांवरचा मार्ग मात्र उजाडताच धरावा. त्यावरचा हेंडरसन वेव्हज हा लाकडी फळ्यांचा, नागमोडी पादचारी पूल रस्त्यापासून ३६ मीटर उंच आहे. गुडघे कुरकुरत असतील तर तेवढाच टप्पा पुरे.

उत्तर (अचलपूर): भूक लागल्यास लिटल इंडियातले टेक्का सेंटर गाठावे. सावजीची सर तिथे कशालाच नाही, हा भाग वेगळा.