मदत हवी आहे : सहकारी बदलून गेल्यापासून शाळेत मन लागत नाही

मी औसा तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवतो. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ नुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. त्यामुळे पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे, आणि दिवसभरात मोठ्या माणसाशी चार शब्द बोलायचे म्हटले तर आम्ही दोघेच एकमेकांना होतो. नऊ वर्षे अशी गेल्यावर सरांची आंतरजिल्हा बदली झाली आणि ते आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात परतले. त्यांना म्हातारे आईवडील जवळ मिळाले, याचा मला मनापासून आनंद आहे.

तरीही परिपाठ संपला की माझी नजर त्यांच्या वर्गाकडे जाते. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या शेतातल्या सणाला, ते दरवर्षी आमच्या शेतात येत; आंबिलाची गोडी त्यांना इथेच लागली.

नवे गुरुजी कष्टाळू व सज्जन आहेत, परंतु त्यांच्या प्रत्येक गोष्टीची मी मनातल्या मनात सरांशी तुलना करतो, आणि हे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे, हे मला कळते.

आपल्यापैकी कोणी यातून गेले असल्यास कृपया सांगावे : ही तुलना कशी थांबवावी? सरांना वरचेवर फोन करावा, की काही दिवस थांबावे? यंदा येळवशीला नव्या गुरुजींना बोलावावे असे वाटते, पण मन तयार होत नाही. आणि चौथीची मुले "आमचे सर कधी येणार?" असे विचारतात, तेव्हा त्यांना काय उत्तर द्यावे?