मदत हवी आहे: जिनिव्हा की वॉशिंग्टन?

नमस्कार मंडळी, इंटरनॅशनल रिलेशन्समध्ये मास्टर्स करायचंय, पुण्यातून इकॉनॉमिक्समध्ये बीए झालंय आणि आता दोन ठिकाणी ॲडमिशन मिळालीय, जिनिव्हाची ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट आणि वॉशिंग्टनमधलं जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीचं सैस (त्यांचं इंटरनॅशनल रिलेशन्सचं स्कूल). दोन्ही कोर्स दोन वर्षांचे.

मला व्यापार करार आणि डब्ल्यूटीओमध्ये (जागतिक व्यापार संघटना) खरा इंटरेस्ट आहे, त्यामुळे मन जिनिव्हाकडे ओढतं कारण डब्ल्यूटीओ, यूएनचं ऑफिस, आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) सगळं त्याच शहरात, इंटर्नशिप करायला दुसऱ्या देशात जायला नको, पण माझं फ्रेंच अगदी बेसिक आहे आणि तिथे राहायचा खर्च बघून पोटात गोळाच येतो. सैसमध्ये इकॉनॉमिक्स भक्कम, पहिलं वर्ष इटलीत बोलोन्याला करता येतं, ते कॅम्पस १९५५ पासूनचं आहे, शिवाय अमेरिकेत नंतर ओपीटीवर (शिक्षणानंतर तिथे काम करायची परवानगी) वर्षभर काम करता येतं. पण फी जबरदस्त. बाबा म्हणतात कर्ज काढू, मला मात्र त्यांच्या रिटायरमेंटच्या तोंडावर एवढं ओझं नकोय.

जेएनयूचा पर्यायही डोक्यात आहेच, फी नगण्य आणि शिक्षक चांगले.

इथे कोणी जिनिव्हात शिकलंय का? फ्रेंच कच्चं असताना इंटर्नशिप मिळाली का, आणि राहायची सोय कशी केलीत?