मदत हवी आहे: भावाची बारा तासांची पाळी

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला आहे. बारा तासांची पाळी, आठवड्याचे सहा दिवस, वर डिचोलीहून बसचा प्रवास. रात्री जेवता जेवता पेंगतो. शेवटच्या दोन तासांत लेबलं चुकतात, मग अख्खा लॉट पुन्हा उघडावा लागतो. जादा वेळ तिथंच वाया! 1948 च्या कारखाना कायद्यात आठवड्याला 48 तास आणि जादा कामाला दुप्पट मजुरी होती; 2025 मध्ये त्याच्या जागी आलेल्या नव्या कामगार संहितेतही जादा कामाला दुप्पटच आहे, याला साधीच मिळते. आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम केलं तर पक्षाघाताचा धोका वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सांगितलंय. आमचे बाबा त्यानेच गेले, म्हणून जीव घाबरतो.

नोकरी सांभाळून हे वरिष्ठांपुढे मांडायचं कसं? पणजीच्या कामगार आयुक्तालयात कोणी तक्रार दिली आहे का? हजेरीचे कोणते कागद जपून ठेवावेत?