दरडोई उत्पन्नात गोवा पुढे, मग घर घ्यायला पगार का पुरत नाही?

डिचोलीकर
दरडोई उत्पन्नाच्या यादीत गोवा वर्षानुवर्षे देशात अगदी वर असतो. पण ती सरासरी आहे. हॉटेलमालकाचा नफा आणि त्याच हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या बाईचा पगार एकत्र करून भागला की येणारा आकडा दोघांच्याही घरात सापडत नाही. वेर्णा, कुंडई इथल्या कारखान्यांत मुलं वर्षानुवर्षे कंत्राटावर आहेत. काम बारमाही, नोकरी मात्र कधीही जाणारी. बारमाही कामावरचं कंत्राट बंद करण्याची तरतूद 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होती, ती नेटाने वापरली असती तर आज ही वेळ आली नसती. सरकारने निदान आता तरी हे कंत्राट थांबवावं.

छोटा कारखानदार, म्हापसा
पटत नाही. माझ्यासारख्याला ऑर्डर तीन महिन्यांची मिळते, मग माणूस कायम कसा करू? वाटायला आधी संपत्ती तयार व्हावी लागते. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या तेव्हा ट्रकवाले, गॅरेजवाले, खाणावळी, सगळे एकदम बसले. तेव्हा मालक-मजूर दरी कमी झाली का? दोघंही गरीब झाले.

सांगेची
दोघंही? खनिज कोणाचं होतं, बाब? सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये विक्रीच्या 10 टक्के रक्कम कायम निधीत ठेवायला सांगितली, कारण ती पुढच्या पिढ्यांचीही ठेव आहे. त्याआधीची कित्येक वर्षं काय झालं? आमच्या वाट्याला शेतात वाहून आलेली खाणमाती.

आणि मला पगारापेक्षा जमीन मोठा प्रश्न वाटतो. पगारातला फरक शिकून, मेहनत करून थोडा तरी भरून निघतो. आसगाव, शिवोलीतल्या जमिनीचा भाव गाठायला तिथल्या शिक्षिकेचा जन्मभराचा पगारही पुरणार नाही. 1964 चा कूळ कायदा आणि 1975 चा मुंडकार कायदा याचसाठी आले, भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, जमीन कसणाऱ्या कुळाला आणि त्याच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहणाऱ्या मुंडकाराला हक्क मिळावा म्हणून. मुंडकारांचे दावे अजून मामलेदाराकडे पडून आहेत. ते निकाली काढा, गृहिणींना मिळणाऱ्या गृह आधार योजनेच्या महिना 1500 रुपयांपेक्षा त्याने जास्त घरं सावरतील.

छोटा कारखानदार, म्हापसा
मुंडकारांचं मान्य. पण जमीन दिल्लीवाल्याला विकली कोणी? आपल्याच लोकांनी.

डिचोलीकर
विकली, खरं आहे. पण आपल्या गोव्याच्या नागरी कायद्याने वारसा सगळ्या मुलांत समान. एका घराला आठ वारस, त्यातले चार परदेशात, आणि इथे राहणाऱ्याकडे इतरांचे हिस्से घेण्याइतका पैसा नाही. त्याचा पगार चांगला असता तर घर त्याच्याकडेच राहिलं असतं. म्हणून ताई, पगार आणि जमीन वेगळे प्रश्न धरू नका.

सांगेची
मग असा हिस्सा विकत घेणाऱ्या वारसाला सरकारने कमी व्याजाचं कर्ज द्यावं. कारखानदार दादा, यालाही विरोध आहे का?