अडीनडीला कामी आलेले आपल्या भागातले उपक्रम – अनुभव लिहा

आईचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि डिस्चार्जच्या आदल्या दिवशी डॉक्टर सहज म्हणाले, घरी फाउलर बेड (डोक्याकडून-पायाकडून वर-खाली होणारा) लागेल, वॉकर लागेल, कमोड खुर्ची लागेल. बेडची किंमत ऐकूनच मी गप्प. शेजारच्या काकू म्हणाल्या अगं स्टेशनजवळ रुग्ण साहित्य केंद्र आहे, डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधारची झेरॉक्स घेऊन जा. गेले तर एका सोसायटीच्या तळमजल्यावर छोटीशी खोली, एक रिटायर्ड काका वही उघडून बसलेले. डिपॉझिट भरायचं, महिन्याचं भाडं अगदी नावाला, वस्तू परत केली की डिपॉझिट परत. काकांनी वॉकर उलटा करून चारही पायांची रबरी बुटं बघितली, एक झिजलेलं होतं ते तिथल्या तिथे बदललं, म्हणाले ओल्या फरशीवर हेच घात करतं, मग आईची उंची विचारून वॉकर तेवढा वर-खाली करून दिला. दुकानात कोण करतं हो एवढं? पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी त्यांनीच काढून दिली, मला तर ती असते हेच माहीत नव्हतं. तुमच्याकडे असं काय आहे? देणगी किती दिली ते नको, चालतं कसं ते लिहा.

*

आमचा अनुभव परळचा. माझ्या काकांना बीडहून टाटा कॅन्सर हॉस्पिटलला आणलं. तिथे आजाराइतकाच मोठा प्रश्न राहायचं कुठे, कारण रेडिएशन शनिवार-रविवार सोडून रोज असतं आणि लॉजचं भाडं भरत बसलो असतो तर शेत गेलं असतं. सोशल वर्कर मॅडमनी चिठ्ठी दिली, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. लगेच नाही, नंबर लागेपर्यंत फुटपाथवरच, बरेच जण तसेच काढतात. गाडगेबाबा जाऊन (१९५६) किती वर्षं झाली, पण गावाकडचा माणूस आजही त्यांच्या नावावर मुंबईत पाठ टेकतो. कुठली तपासणी कुठल्या बिल्डिंगमध्ये, फाईलच्या झेरॉक्स आधीच काढून ठेव, तोंडात फोड आले की मऊ भात गार करून दे, हे सगळं आम्हाला बाकीच्या पेशंटच्या नातेवाइकांनीच शिकवलं.

*

चिपळूण, २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी ओसरलं आणि घरात चिखल. मदतीचे ट्रक खूप आले, खोटं कशाला बोलू, पण त्यात जुन्या कपड्यांचे ढीग, भरजरी साड्या, लग्नातले कोट, आणि बिस्किटं तर इतकी की पोरं तोंड फिरवायला लागली. हवी होती फावडी, घमेली, वायपर, मेणबत्त्या, प्यायचं पाणी, आतले कपडे, पॅड. सांगली-कोल्हापूरकडच्या पोरांना हे सांगावं लागलं नाही, २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतः भोगलेलं. त्यातला एक जण नुसत्या गॅसच्या शेगड्या दुरुस्त करत फिरत होता. बर्नरमधला चिखल तारेने काढायचा, नळी बदलायची, पेटवून दाखवायची की पुढच्या घरी. जेवायला थांब म्हटलं तर म्हणे आधी तुमचं तरी होऊ द्या.

*

थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. नवरा गेला की बाईला शिलाई मशीन द्यायची अशी पद्धतच पडलीये, स्टेजवर बोलवायचं, हार, फोटो. वहिनीलाही मिळाली. गावात शिवणाऱ्या आधीच ढीगभर, लोक कपडे घेतात रेडिमेड, मग मशीनवर पोरांची दप्तरं. पुढे बचत गटानं शाळेच्या गणवेशाचं काम मागून आणलं, कटिंग एकीकडे, काज-बटण एकीकडे, वहिनीकडे चड्ड्या, तेव्हा ती मशीन चालली. पण त्याहून मोठं काम म्हणजे सातबाऱ्यावर वारस नोंद. गटातल्या एक बाई तिच्यासोबत दर खेपेला तलाठ्याकडे जायच्या, कागद कमी पडला की परत. नाव लागलं तेव्हा कुठे पीककर्ज मिळालं.

*

सरकारी योजना चालेल ना? शिवभोजन थाळी. २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली तेव्हा १० रुपये, लॉकडाऊनमध्ये ५. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. आमच्या इथलं केंद्र बचत गटाच्या बायका चालवायच्या, दुपारी १२ ते २. बाबा वॉचमन, एकटेच राहायचे, त्यामुळे मला केवढा आधार. वरच्या ताईंनी फोटोचं लिहिलंय, इथेही थाळी घेणाऱ्याचा फोटो योजनेच्या ॲपसाठी काढायचे, पण बाबांना त्याचं काही नव्हतं, टोपी नीट करून उभे राहायचे. त्यांची तक्रार एकच, तिसरी चपाती मागितली तर बायका ओरडतात.