पेनसिल्व्हेनियाचा कोळसापट्टा एका दिवसात: स्क्रँटन की जिम थॉर्प?

मुक्काम_एडिसन
जुलैतल्या एका शनिवारी आई-बाबा आणि नऊ वर्षांची लेक यांना घेऊन जायचंय. बाबा वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्स) बल्लारपूरला मायनिंग सरदार, म्हणजे खाणीत देखरेख करणारे, होते, त्यांना इथली अँथ्रासाइटची (कठीण कोळशाची) खाण आतून बघायचीय. आईचे गुडघे दुखतात आणि ती जमिनीखाली येणार नाही म्हणते. लेकीला वाफेचं इंजिन हवं. सकाळी न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघून रात्री घरी. चौघांची तिकिटं १२० डॉलरच्या आत बसवायचीत. कुठे जावं?

शिट्टी_फुंक
स्क्रँटन, दुसरा विचारच नको. तिथल्या स्टीमटाउन या रेल्वे-संग्रहालयाला प्रवेश फुकट आहे. गोल इंजिनशेड, इंजिनं फिरवायचं चालतं टर्नटेबल, शिवाय बाहेर ४०१२ नंबरचा ‘बिग बॉय’, वाफेचं अवाढव्य इंजिन, उभा आहे: १३२ फूट लांब, १९४१चा. असे २५ बांधले होते, आता ८ उरलेत. यार्डातल्या छोट्या फेरीचं तिकीट वेगळं. ते काढण्याआधी त्या दिवशी इंजिन कुठलं हे खिडकीवर विचारा. बरेचदा डिझेल लावतात आणि मुलं हिरमुसतात.

काळा_हिरा
खाणीचं कुणीतरी नीट सांगा की! स्क्रँटनची लॅकवाना खाण मॅकडेड पार्कमध्ये आहे, स्टीमटाउनपासून गाडीने जवळच. १८६०ची, १९६६ला बंद झाली, १९८५पासून पर्यटकांना खुली. दोरखंडाने सोडलेल्या डब्यातून उतारावरून सुमारे ३०० फूट खाली नेतात. बाबांना हॉलेज (दोरखंडाने डबे ओढायची यंत्रणा) लगेच ओळखू येईल. खाली तासभर आणि जवळजवळ अर्धा मैल चालणं आहे, जमीन ओली आणि खडबडीत. तापमान बारा महिने ५३ फॅरनहाइट, म्हणजे जुलैतही जाकीट लागणार. रबरी तळव्याचे बूट घाला, सँडल नकोत. चष्मेवाल्यांसाठी: धुकं आत जाताना धरत नाही, बाहेर येताना धरतं. थंड काच दमट हवेत आली की दोन मिनिटं काही दिसत नाही आणि नेमकं तेव्हाच डब्यातून उतरायचं असतं. रुमाल हाताशी ठेवा. दोरखंडाच्या यंत्राचं काम निघालं की दौरे बंद असतात, सबब आदल्या दिवशी फोन.

नाकासमोर
बिग बॉयचं कौतुक पुरे. तो युनियन पॅसिफिकचा, उभा जन्म वायोमिंगच्या घाटात ओढण्यात गेला. अँथ्रासाइटच्या पट्ट्याशी त्याचा संबंध काय? स्टीमटाउनचा बराचसा संग्रह व्हरमाँटहून आणलेला आहे.

शिट्टी_फुंक
संबंध असो नसो, नऊ वर्षांच्या मुलीला १३२ फूट दिसतात. आणि ते यार्ड लॅकवाना रेल्वेचंच आहे, ते काही व्हरमाँटहून आणलेलं नाही.

लेहायकाठची
जिम थॉर्प! लेहाय नदीच्या घळीतून (गॉर्ज) जाणारी पर्यटकांची गाडी, १६ मैलांची जाऊन-येऊन फेरी, सव्वा तासाच्या आत. महागातल्या डब्याचं तिकीट काढा, पैसे वसूल. एक रात्र राहाच. रेल्वेवाल्या आसा पॅकरचा वाडा बघा, जुना तुरुंग बघा, मॉली मॅग्वायरवाल्यांना (आयरिश खाणकामगारांची गुप्त संघटना) १८७७त तिथे फाशी दिली होती.

काळा_हिरा
ताई, बजेट १२०, मुक्काम नाही, आणि त्या गाडीला बहुतेक डिझेलच असतं. शिवाय जिम थॉर्पच्या गावात उतरायला खाण कुठाय? खाण तिथून पुढे लान्सफर्डला, नऊ नंबरची. ती मात्र दमदार आहे: १८५५ ते १९७२ चालली, छोट्या गाडीतून डोंगराच्या पोटात १६०० फूट आत नेतात, ७०० फुटांचा शाफ्ट (उभी विहीर) वरून दाखवतात, आतलं कामगारांचं इस्पितळही.

पोटोबा_आधी
स्क्रँटनला गेलात तर बाजूच्या ओल्ड फोर्जला जेवा. तिथला पिझ्झा चौकोनी, अख्खा ‘ट्रे’ नाहीतर सुटे ‘कट’ मागायचे. शाकाहाऱ्यांची सोय होते. येताना सेलर्सबर्गचं आर्ष विद्या गुरुकुलम् करा, आईंना बरं वाटेल.

वऱ्हाडी_ठेचा
वेकोलिचा माणूस खाण बघायला अमेरिकेत कशाला? नागपूरजवळ सावनेरला वेकोलिनंच खाण-पर्यटन सुरू केलंय.

साखरझोप
स्क्रँटन +१. स्टीमटाउन फुकट आहे, कुणी सांगितलं नसेल तर. बिग बॉय बघाच.

नाकासमोर
आणि काही झालं तरी ॲशलंडला जाऊ नका. पायोनियर टनेल म्हणून आहे, एडिसनहून स्क्रँटनपेक्षा लांब, गावात बघायला दुसरं काही नाही. महनॉय डोंगरात १८०० फूट सरळ आडवा बोगदा, बॅटरीच्या इंजिनाने आत नेतात, मॅमथ नावाचा कोळशाचा थर दाखवतात, परत आणतात. बाहेर ‘हेन्री क्ले’ नावाचं १९२७चं वाफेचं इंजिन, पाऊण मैल डोंगराच्या कडेने, जुनी खुली खाण आणि मंदीत लोकांनी चोरून कोळसा काढलेलं भोक दाखवायला. झालं. उघड्या डब्यात पांढरा सदरा घालून बसलात तर काजळी बोनस.

काळा_हिरा
अहो, यातलं वाईट काय ते कळलं नाही. आडवा बोगदा म्हणजे दोरखंडाची भानगड नाही. तोंडाकडे किंचित उतार देतात म्हणजे पाणी आपोआप वाहून जातं आणि भरलेले डबे बाहेर ओढायला सोपे जातात. खाण आणि इंजिन यांची तिकिटं वेगवेगळी आहेत.

शिट्टी_फुंक
पण पाऊण मैल? पाऊण मैल??

लेहायकाठची
तिकडे गेलातच तर जवळचं ओस पडलेलं सेंट्रालिया गाव बघा, १९६२पासून जमिनीखाली कोळसा जळतोय.

नाकासमोर
बघायचं काय? रिकामे रस्ते. रंगवलेला जुना हायवेसुद्धा २०२०मध्ये मातीखाली गाडला. त्यापेक्षा एलिसबर्गचं कनोबेल्स हे पाळण्यांचं उद्यान बरं. प्रवेश आणि पार्किंग फुकट, पाळण्यांचे पैसे पाळण्यागणिक, आत खाणकामाचं छोटं संग्रहालयही आहे.

मुक्काम_एडिसन
सगळ्यांचे आभार. ॲशलंड ठरलं. बाबा बोगद्यात जातील, तेवढ्या वेळात आई आणि लेक इंजिनाच्या फेरीला बसतील, कुणी कुणासाठी खोळंबणार नाही. मग कनोबेल्स. नाकासमोर, तुम्ही ‘जाऊ नका’ म्हणताना सगळं इतकं बारकाईनं लिहिलंत की ठरवणं सोपं गेलं. बाबांनी एकच विचारलंय: आत छताला टेकू लाकडाचे आहेत की लोखंडाचे?

साखरझोप
स्क्रँटनच करा हो. स्टीमटाउन फुकट आहे.