एकाच सॉफ्टवेअरच्या १४ प्रती आणि टीम ६ जणांची: गिट घ्यावं, एसव्हीएन घ्यावं की आणखी काही?

पट्टीवाला (सांगली):
हळद-बेदाण्याच्या अडत दुकानांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर आहे. सी शार्प, विनफॉर्म्स, एसक्यूएल सर्व्हर, आणि रिपोर्ट क्रिस्टल रिपोर्ट्समध्ये. ४ जण विश्रामबागेत बसतात, १ कराडहून आणि १ साताऱ्याहून काम करतो. सगळा कोड एका शेअर्ड फोल्डरमध्ये आहे. १४ गिऱ्हाईकं, म्हणून १४ फोल्डर. कुणाला अडत-हमाली-तोलाई वेगळी हवी, कुणाला पट्टीवर लोगो. एका ठिकाणी दुरुस्त केलेली चूक बाकी १३ ठिकाणी तशीच राहते. एकाच फाइलवर दोघं बसले की शेवटी सेव्ह करणाऱ्याचं टिकतं. शक्यतो फुकटात भागवायचंय. कोडच्या आवृत्त्या सांभाळायला गिट, एसव्हीएन की आणखी काही, कोणतं साधन घ्यावं?

कृष्णाकाठचा_कोडर:
आधी गिटचा कोड ठेवायच्या जागेचं बघू, कारण ६ हा आकडाच तुम्हाला अडचणीत आणणारा आहे. बिटबकेटच्या मोफत प्लॅनमध्ये ५ जण बसतात. गिटलॅबच्या वेबसाइटवर मोफत खाजगी ग्रुपलाही ५ चीच मर्यादा. गिटहबवर माणसं कितीही चालतात, पण खाजगी रिपॉझिटरीच्या (कोडच्या साठ्याच्या) मुख्य शाखेला, म्हणजे ‘मेन’ला, मोफत प्लॅनवर संरक्षण लावता येत नाही. म्हणजे चुकून कुणी थेट मेनवर फोर्स पुश केलं, म्हणजे आधीच्या इतिहासावर आपलाच कोड लादला, तर अडवणारं कोणी नाही. शिस्त पाळणारे सहा जण असतील तर चालतं. नसतील तर पैसे भरून वरचा प्लॅन घ्या.

तिसरा रस्ता म्हणजे गिटी (Gitea), स्वतःच्या मशीनवर चालवायचा मोफत गिट सर्व्हर. ४ जीबी रॅमच्या जुन्या डेस्कटॉपवरही आरामात चालतं, सोबत एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पुरतो, आणि शाखेचं संरक्षण फुकट. गिटलॅब स्वतःच्या मशीनवर टाकण्याच्या भानगडीत सहा माणसांनी पडू नये, त्याला रॅम फार लागते. कराड-साताऱ्याच्या दोघांना व्हीपीएनमधून आत घ्या, गिटीचा पोर्ट राउटरवर उघडा टाकू नका. कोडचा इतिहास प्रत्येकाच्या क्लोनमध्ये (स्वतःच्या मशीनवरच्या पूर्ण प्रतीत) असतोच, पण तक्रारींच्या नोंदी, युजर, परवानग्या फक्त सर्व्हरवर असतात. म्हणून रोज रात्री ‘गिटी डंप’ चालवा आणि ती फाइल दुसऱ्या गावात पोचवा. २००५, २०१९, २०२१ ही महापुराची वर्षं आठवली तरी बॅकअपची डिस्क त्याच इमारतीत ठेवणार नाही.

रिपोर्टवाले_अण्णा:
एसव्हीएनला एवढ्या लवकर निकालात काढू नका. क्रिस्टलच्या रिपोर्ट फाइली बायनरी असतात, दोघांनी बदलल्या तर कोणत्याच साधनाला त्या जोडता येत नाहीत. एसव्हीएनमध्ये फाइलला कुलूप लावायचं, काम झालं की काढायचं, नव्या पोरालाही दहा मिनिटांत कळतं.

कृष्णाकाठचा_कोडर:
अण्णा, कुलपाचा मुद्दा बरोबर, पण ते गिट एलएफएसमध्येही (मोठ्या आणि बायनरी फाइलींसाठीची गिटची जोड) आहे. एसव्हीएनची खरी अडचण वेगळी: सर्व्हर गाठता आला नाही तर कमिटच, म्हणजे बदलांची नोंदच, होत नाही. साताऱ्यात नेट गेलं की त्या माणसाचं दिवसभराचं काम एका गठ्ठ्यात साठतं. आणि शाखा जोडणं गिटमध्ये रोजचं काम आहे, एसव्हीएनमध्ये लोक ते शेवटपर्यंत टाळतात.

विलीनीकरण_तज्ज्ञ:
साधनावर दोघं बोललेत, कोणतंही घ्या. दुखणं १४ फोल्डरचं आहे. गिट घेऊन १४ गिऱ्हाइकांच्या १४ कायमच्या शाखा केल्या तर फोल्डरचं नाव बदललं, एवढंच होईल. दर दुरुस्ती तेव्हाही १४ वेळा न्यावी लागेल.

एकच मुख्य शाखा ठेवा. सगळ्यात जास्त गिऱ्हाइकांशी जुळणारा फोल्डर निवडा, तो पहिला कमिट. त्याआधी बिन, ओबीजे, डॉट व्हीएस वगळणारी इग्नोअर फाइल टाका (‘डॉटनेट न्यू गिटइग्नोअर’ ती तयारच देतं), आणि गिटच्या ॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये (.gitattributes) ‘* text=auto’ लिहा. हे विसरलात तर ओळीच्या शेवटच्या खुणा वेगळ्या म्हणून प्रत्येक फाइल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बदललेली दिसेल आणि तुलना निरुपयोगी ठरेल.

मग एकेका गिऱ्हाइकासाठी तात्पुरती शाखा काढा, त्याच्या फायली वर टाका, कमिट करा, मुख्य शाखेशी डिफ (फरकांची यादी) बघा. फरक तीन ढिगांत पडतील. दुकानाचं नाव, लोगो, हमाली-तोलाईचे दर, पूर्णांक करण्याची पद्धत हे सगळं सेटिंगच्या टेबलात जातं. खरोखर वेगळी सोय असेल तर तिला चालू-बंद करणारा फ्लॅग. तिसरा ढीग म्हणजे एकाकडे दुरुस्त झालेल्या आणि इतरांकडे राहिलेल्या चुका. बहुतेक वेळा हाच सगळ्यात मोठा निघतो. त्या मुख्य शाखेत आणा आणि तात्पुरती शाखा काढून टाका.

कनेक्शन स्ट्रिंगमधला (डेटाबेसला जोडणाऱ्या ओळीतला) पासवर्ड आत्ताच वेगळा काढा. एकदा कमिट झाला की फाइलमधून पुसला तरी इतिहासात राहतो. झालंच तर आधी पासवर्ड बदला, इतिहास साफ करणं नंतर.

विनफॉर्म्सचं एक: डिझायनर फाइल फॉर्म उघडून एक बटण हलवलं तरी कंट्रोलचा क्रम बदलून लिहिते. एका फॉर्मवर एका वेळी एकच माणूस, आणि डिझायनर व रेसेक्स (त्याच फॉर्मची रिसोर्सची) फाइल एकाच कमिटमध्ये. जुन्या पद्धतीच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये दोघांनी नवी फाइल जोडली की कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) येतोच. तिथे घाबरायचं नाही, दोन्ही ओळी ठेवायच्या.

देवनागरी_दुरुस्त:
मराठी रिपोर्ट असणाऱ्यांची हमखास ठेच: एसक्यूएल सर्व्हरच्या मॅनेजमेंट स्टुडिओतून काढलेली स्क्रिप्ट बऱ्याचदा यूटीएफ-१६ मध्ये सेव्ह होते. त्यात शून्य बाइट असल्यामुळे गिट तिला बायनरी समजतं आणि डिफ दाखवत नाही. यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करून मगच टाका. स्क्रिप्टमध्ये मराठी मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी इंग्रजी N लावला नसेल तर गिऱ्हाइकाकडे प्रश्नचिन्हांची रांग उमटते. त्यात गिटचा दोष नाही.

फाइलचं नाव मराठीत असेल तर गिटच्या स्टेटसमध्ये तिरक्या रेघा आणि आकडे दिसतात. गिटची ‘कोअर डॉट कोटपाथ’ ही सेटिंग फॉल्स करा, नाव नीट दिसेल.

पट्टीवाला:
हळदीचा हंगाम सुरू असताना हे कसं जमवायचं? रोज कुणाचा तरी फोन असतो.

विलीनीकरण_तज्ज्ञ:
सगळे एकदम हलवू नका. आठवड्याला एक-दोन गिऱ्हाईकं, सगळ्यात कमी फरकवाले आधी. जो हलला त्याचा जुना फोल्डर त्याच दिवशी रीड-ओन्ली करा, नाहीतर घाईत कुणीतरी तिथेच दुरुस्ती करणार.

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक बिल्डला टॅग (गिटमधली आवृत्तीची खूण) द्या आणि तोच क्रमांक ‘माहिती’च्या खिडकीत दाखवा. फोन आला की पहिला प्रश्न तो क्रमांक विचारायचा. तातडीची दुरुस्ती त्या टॅगवरून शाखा काढून करा, नवा टॅग लावा, आणि त्याच संध्याकाळी चेरी-पिक करून (फक्त तेवढाच कमिट उचलून) मुख्य शाखेत आणा. उद्यावर टाकलं की पुढच्या बिल्डमध्ये तीच चूक परत जाते.

डेटाबेसमधले बदल क्रमांक दिलेल्या स्क्रिप्टमध्ये ठेवा: ००१, ००२, ००३. कोणत्या गिऱ्हाइकाकडे कुठपर्यंत चालल्या ते त्याच्याच डेटाबेसमधल्या एका टेबलात नोंदवा. एकदा बाहेर गेलेली स्क्रिप्ट दुरुस्त करायची नाही. चुकली असेल तर पुढच्या क्रमांकाची नवी लिहायची.

रिपोर्टवाले_अण्णा:
आणि ते रिपोर्ट एलएफएसमध्ये टाकायचे असतील तर पहिल्या कमिटच्या आधी नेमून द्या. नंतर नेमलं तर जुन्या प्रती इतिहासात राहतात आणि क्लोन जडच होतो.